दारफाळणीच्या दिवशी

ख्रिस्ती असलो तरी कोल्हापूरकर असल्यामुळे दसरा चौकातला शाही दसरा मी सहसा चुकवत नाही. २०२५ साली दसरा २ ऑक्टोबरला होता. सूर्यास्ताच्या सुमारास शमीपूजन झाले, सोने लुटले गेले आणि गर्दीतून वाट काढत मी घरी परतलो. शेजाऱ्यांना द्यायची आपट्याची पाने टेबलावर ठेवून मोबाइल हातात घेतला, तेव्हा पुतणीचा निरोप आलेला दिसला. मिरजेत परिचारिकेचे शिक्षण घेऊन ती काही वर्षांपूर्वी इंग्लंडला गेली आणि सध्या मँचेस्टरमध्ये नोकरी करते. ‘काका, इथल्या एका सिनेगॉगवर सकाळी हल्ला झाला. मी सुखरूप आहे, काळजी करू नका,’ एवढेच तिने लिहिले होते.

बातमी नंतर सविस्तर कळली. क्रम्पसॉल भागातील हीटन पार्क सिनेगॉगबाहेर, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराबाहेर, एका माणसाने लोकांच्या अंगावर गाडी घातली आणि मग खाली उतरून सुऱ्याने वार केले. आतल्या मंडळींनी दारे लावून घेतली आणि अंगाचा रेटा देऊन ती बंद ठेवली, म्हणून त्याला आत शिरता आले नाही. पोलिसांनी त्याला काही मिनिटांतच ठार केले. मात्र उपासनेला आलेले दोन जण प्राणाला मुकले आणि त्यांपैकी एकाला पोलिसांचीच गोळी लागली होती, असे दुसऱ्या दिवशी पोलिसांनी स्वतः जाहीर केले.

तो दिवस ज्यूंच्या योम किप्पूरचा होता. आमच्या मराठी बायबलात त्याला प्रायश्चित्ताचा दिवस म्हटले आहे. परंतु मला त्याचे आणखी एक मराठी नाव माहीत होते. १९८० च्या दशकात बँकेच्या नोकरीत माझी अलिबागला बदली झाली, तेव्हा शेजारच्या टेबलावर एक बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातले, गृहस्थ होते. कोकणातल्या त्यांच्या बहुतेक ज्ञातिबांधवांप्रमाणे त्यांचेही आडनाव गावावरून पडलेले, घरात बोलणे मराठी, जेवणात नारळ आणि मासे. त्यांचे पूर्वज तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी ते बंद ठेवीत, म्हणून गावोगाव लोक त्यांना शनिवार तेली म्हणत, हे मी त्यांच्याकडूनच प्रथम ऐकले. पूर्वजांचे गलबत नवगावजवळ फुटले आणि वाचलेल्या सात पुरुष व सात स्त्रियांपासून समाज वाढला, ही त्यांची परंपरेने आलेली कथा ते अशा थाटात सांगत की जणू गेल्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. त्यांच्या सणांची जुनी नावे अशीच मराठमोळी होती. नव्या वर्षाचा तो नव्याचा सण आणि योम किप्पूर हा दारफाळणीचा सण, म्हणजे दारे बंद करून, पांढरी वस्त्रे नेसून, उपवास करून देवापुढे बसण्याचा दिवस. दुसऱ्या दिवशी शिळा सण, त्या दिवशी दानधर्म.

मँचेस्टरमधल्या त्या माणसांना हे कोकणी नाव ठाऊक असण्याचे कारण नाही. परंतु दारे आतून धरून ठेवल्याची बातमी वाचताना मला हाच शब्द आठवला आणि त्या रात्री शेजाऱ्यांकडे सोने द्यायला जायचे राहून गेले.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर आमच्या चर्चच्या कमिटीत विषय निघाला. पुतणीमुळे मंडळीतल्या अनेकांनी ती बातमी लक्षपूर्वक वाचली होती. इंग्लंडमधील ख्रिस्ती पुढाऱ्यांनी ज्यू समाजाच्या पाठीशी उभे असल्याचे जाहीर केले आहे, तर आपणही एक पत्र पाठवावे, असे पाळकसाहेबांनी सुचविले आणि ते लिहिण्याचे काम, निवृत्त माणसाला वेळ असतो या सर्वमान्य समजुतीने, माझ्याकडे आले. मी दोन दिवसांची मुदत मागितली, तेव्हा कमिटीतले एक वडीलधारे सभासद म्हणाले, “अहो, चार ओळींना दोन दिवस कशाला? शोकसभेचा मजकूर आपल्याकडे तयारच असतो. नाव बदला, तारीख घाला, झाले.”

मी खरोखरच तसे करून पाहिले. ‘या भ्याड हल्ल्याचा आम्ही तीव्र शब्दांत निषेध करतो’, ‘आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत’, ‘मृतात्म्यास चिरशांती लाभो’. कागद वाचला आणि तो नगरपालिकेच्या ठरावासारखा वाटला. भ्याड नसलेला हल्ला कोणता असतो, हा प्रश्न मला यापूर्वी कधी पडला नव्हता. तो कागद मी फाडला.

दुसरा मसुदा घेऊन मी कमिटीपुढे गेलो, तेव्हा दोन आक्षेप आले आणि दोन्ही मला योग्यच वाटले. पहिला असा की कोल्हापुरात ज्यू आहेत कुठे? महाराष्ट्र शासनाने २०१६ साली या समाजाला अल्पसंख्याकाचा दर्जा दिला खरा, पण साऱ्या देशात ते जेमतेम काही हजार उरले आहेत. १९४८ नंतर बहुतेक बेने इस्राएल इस्राएलला गेले. मग हे पत्र नेमके कोणाच्या दारात टाकायचे? यावर कमिटीतल्या निवृत्त शिक्षिकाबाईंनी वळिवड्याची आठवण काढली. १९४३ पासून चार-पाच वर्षे कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले आणि ते गेल्यावर फाळणीत आलेले सिंधी बांधव तिथे वसले. तेच आजचे गांधीनगर. “पोलंड कुठे आहे हे तरी आपल्या आजोबांना ठाऊक होते का?” असे त्यांनी विचारले आणि तो प्रश्न तिथेच मिटला.

दुसरा आक्षेप एका तरुण सभासदाचा होता आणि तो इतक्या सहज मिटणारा नव्हता. “गाझाचे काय?” एवढेच त्याने विचारले. १७ जुलै २०२५ रोजी गाझातल्या होली फॅमिली चर्चवर मारा होऊन तिथे आश्रयाला आलेली माणसे मेली, तेव्हा आम्ही आमच्या उपासनेत त्यांच्यासाठी प्रार्थना केली होती, आणि गाझातल्या इतर हजारो मृतांसाठीही, जे ख्रिस्ती नव्हते. ती प्रार्थना खरी होती आणि पुढेही चालू राहील, हे मी त्याला सांगितले. परंतु मँचेस्टरमध्ये उपवास करून देवापुढे बसलेल्या माणसाला एखाद्या सरकारच्या कृत्यांचा जाब द्यायला लावणे, हाच तर त्या हल्लेखोराचा न्याय होता. शोक करणाऱ्याच्या दारात जाऊन आपण ‘वाईट झाले, परंतु’ असे म्हणत नाही. पत्रात ‘परंतु’ येणार नाही, यावर तो राजी झाला. मनापासून झाला की नाही हे सांगता येत नाही. मात्र सही त्याने केली आहे.

ख्रिस्ती पुढाऱ्यांनी काय केले, हे मी या निमित्ताने जरा खोलात जाऊन वाचले. हल्ल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ३ ऑक्टोबरला, सारा मुलाली यांचे नाव कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या सर्वोच्च धर्मगुरूच्या पदासाठी, जाहीर झाले. त्या पदावर येणाऱ्या त्या पहिल्या स्त्री, आणि पूर्वाश्रमीच्या परिचारिका. अशा दिवशी बोलण्यासारखे त्यांच्याकडे पुष्कळ होते, तरीही पहिल्याच भाषणात त्यांनी मँचेस्टरच्या हिंसेचा उल्लेख केला. मला हे महत्त्वाचे वाटले, कारण निवेदने काढणारे कार्यालय निराळे आणि आपल्या आनंदाच्या दिवसातली काही मिनिटे दुसऱ्याच्या शोकासाठी बाजूला ठेवणारा माणूस निराळा.

तरीही इंग्लंडमधल्या बिशपाने ज्यूंना दिलेला शब्द हा कोऱ्या कागदावर लिहिलेला नसतो. १२२२ साली ऑक्सफर्डमध्ये भरलेल्या धर्मसभेने ज्यूंनी कपड्यांवर ओळखचिन्ह लावावे, ख्रिस्ती लोकांशी मिसळू नये, नवी सिनेगॉग बांधू नयेत असे नियम केले. १२९० साली राजा पहिला एडवर्ड याने साऱ्या ज्यूंना देशाबाहेर घालविले आणि पुढे साडेतीनशेहून अधिक वर्षे त्यांना तिथे उघडपणे राहता आले नाही. त्या धर्मसभेला आठशे वर्षे झाली तेव्हा, मे २०२२ मध्ये, ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॅथीड्रलमध्ये खास उपासना घेऊन चर्च ऑफ इंग्लंडने खेद व्यक्त केला. १२२२ साली चर्च ऑफ इंग्लंड अस्तित्वातच नव्हते, मग माफी कसली, असे म्हणता येईल. मला ते वकिली वाटते. वडिलांची जमीन घेताना आपण सातबाऱ्यावरचा बोजा दुसऱ्याच्या नावावर टाकत नाही.

जर्मनीत तर बोजा फार मोठा होता. नाझी राजवटीत ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री शेकडो सिनेगॉग जाळली गेली आणि देशभरातील चर्चची बहुसंख्य व्यासपीठे गप्प राहिली. बर्लिनच्या सेंट हेडविग कॅथीड्रलचे प्रमुख धर्मगुरू बर्नहार्ड लिख्टेनबर्ग यांनी मात्र दुसऱ्या दिवशीच्या प्रार्थनेत, बाहेर जळते आहे तेही देवाचेच घर आहे, असे उघडपणे म्हटले. त्यानंतर रोज संध्याकाळी ते ज्यूंसाठी नाव घेऊन प्रार्थना करीत राहिले. १९४१ मध्ये त्यांना अटक झाली, दोन वर्षांची शिक्षा भोगून झाल्यावर त्यांना डाखाऊच्या छळछावणीकडे नेण्यात येत होते आणि त्या वाटेवरच नोव्हेंबर १९४३ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. माझ्या मनात राहिले ते ‘रोज संध्याकाळी’ हे शब्द. हल्ल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही सगळेच चांगले असतो.

इथपर्यंत वाचून झाल्यावर माझ्या मसुद्याला आणखी एक अडचण आली, आणि ती युरोपातली नसून आमच्या स्वतःच्या चर्चमधली होती. काही वर्षांपूर्वी उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) उपासनेत एका पाहुण्या वक्त्याने वधस्तंभावरील सात उद्गारांवर संदेश दिला. माणूस तळमळीने बोलत होता, परंतु तासाभरात ‘यहूद्यांनी (म्हणजे ज्यूंनी) प्रभूला मारले’ हे वाक्य इतक्या वेळा आले की उपासनेनंतर शब्बाथ शाळेतला, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मवर्गातला, एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा मला विचारू लागला, “आजोबा, यहूदी आता कुठे राहतात? त्यांना पकडले का?” येशू स्वतः यहूदी होता, त्याची आई, त्याचे शिष्य, खाली रडत उभ्या असलेल्या स्त्रिया, सगळे यहूदीच होते, असे मी त्याला सांगितले. तो थोडा वेळ विचार करून म्हणाला, “मग मारले कोणी?” मी रोमी सुभेदाराचे नाव सांगितले. त्याचे समाधान झाले असे दिसले नाही.

ज्या शाळेत तो हे शिकत होता तिला आम्ही शब्बाथ शाळा म्हणतो, हेही त्या दिवशी प्रथमच माझ्या कानांना जाणवले. शब्द त्यांचा, त्यांच्या शनिवारच्या विश्रांतिदिनाचा; दिवस आम्ही बदलून घेतलेला. स्तोत्रे त्यांची, दुःखात आम्ही ज्याच्याकडे धाव घेतो ते तेविसावे स्तोत्रही त्यांचे. कॅथलिक चर्चने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी व्हॅटिकन परिषदेच्या ‘नोस्त्रा एताते’ या घोषणेत, ख्रिस्ताच्या मृत्यूचा दोष त्या काळच्या सर्व ज्यूंवर किंवा आजच्या ज्यूंवर टाकता येणार नाही, असे स्पष्ट म्हटले, त्याला २०२५ मध्ये साठ वर्षे झाली. आम्ही प्रॉटेस्टंट असल्यामुळे व्हॅटिकनचे कागद आमच्याकडे येत नाहीत, हे ठीक. पण रोमकरांस पत्राचा अकरावा अध्याय तर आमच्याच बायबलात आहे. रानटी जैतुनाची फांदी मूळ झाडावर कलम केली आहे, तिने इतर फांद्यांपुढे तोरा मिरवू नये, असे पौल तिथे सांगतो. कोल्हापूरकडच्या माणसाला कलम म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही.

आमचा मराठी ख्रिस्ती लोकांचा आणि बेने इस्राएलांचा संबंध मात्र युरोपासारखा रक्ताने माखलेला नाही. तो काहीसा गमतीदार आहे. १८२९ मध्ये मुंबईत आलेले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण प्रसिद्ध केले. मिशनच्या शाळांतून बेने इस्राएल मुले शिकली, मराठीत उतरलेला जुना करार त्या घरांत वाचला गेला. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता, हे लपवण्यात अर्थ नाही. झाले ते उलटेच: ज्यांना बायबल शिकवून ख्रिस्ती करायचे होते, ते बायबल शिकून अधिक पक्के ज्यू झाले. माझे अलिबागचे सहकारी हे सांगताना गालातल्या गालात हसत आणि पुढे म्हणत, “तुमच्या लोकांचे आमच्यावर उपकारच आहेत हो.” १८५२ मध्ये रॉयल वाइल्डर यांनी कोल्हापुरात मिशनचे काम सुरू केले, त्याच वाटेने आमच्या घराण्यात बायबल आले. त्या अर्थी मी आणि ते एकाच शाळेचे दोन वेगळे निकाल.

आपल्याकडे ज्यूंवर शेजाऱ्यांनी हात उचलला नाही, हे आपण अभिमानाने सांगतो आणि ते खरेही आहे. २६ नोव्हेंबर २००८ रोजी हल्लेखोर बाहेरून आले आणि त्यांनी मुंबईच्या कुलाब्यातील नरिमन हाउस हे ज्यू केंद्र शोधून काढले. तिथले रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, गाव्रिएल होल्ट्झबर्ग, त्यांची पत्नी रिवका आणि आणखी चार जण तिथे मारले गेले. त्यांचा दोन वर्षांचा मुलगा मोशे वाचला, तो त्याला सांभाळणाऱ्या सँड्रा सॅम्युएल या ख्रिस्ती बाईमुळे. रात्रभर एका खोलीत लपून राहिल्यावर सकाळी मुलाचा आवाज ऐकून त्या वर गेल्या आणि त्याला उचलून बाहेर पळाल्या. पुढे त्याच्याबरोबर त्या इस्राएलला गेल्या. २०१० मध्ये तिथल्या सरकारने त्यांना सन्माननीय नागरिकत्व दिले. ख्रिस्ती पुढाऱ्यांच्या कोणत्याही यादीत त्यांचे नाव असणार नाही. आमच्या कमिटीत मी त्यांचा उल्लेख केला, तेव्हा शिक्षिकाबाई सोडून कोणालाही नाव आठवले नाही, आणि खरे सांगायचे तर एक महिन्यापूर्वी मलाही आठवले नसते.

पत्र लिहिताना माझ्यासमोर सतत राहिले ते पिट्सबर्ग. २७ ऑक्टोबर २०१८ रोजी, शनिवारी सकाळी, अमेरिकेतील पिट्सबर्ग शहराच्या ट्री ऑफ लाइफ सिनेगॉगमध्ये एका बंदूकधाऱ्याने अकरा जणांना ठार केले. मेलेल्यांत सत्त्याण्णव वर्षांच्या रोझ मॅलिंजर होत्या. त्यांच्या अंत्यविधीला अमेरिकेतल्याच चार्ल्स्टन शहराहून एरिक मॅनिंग नावाचे कृष्णवर्णीय पाळक आले. ते मदर इमॅन्युएल चर्चचे पाळक होते. त्याच चर्चमध्ये १७ जून २०१५ रोजी बायबल अभ्यासाला बसलेल्या नऊ जणांना एका गोऱ्या तरुणाने गोळ्या घातल्या होत्या. त्या पाळकांनी तिथे काय म्हटले यापेक्षा ते तिथे बसले होते, हे मला पुरेसे वाटते. आपल्याकडे मयताच्या घरी गेल्यावर कोणी भाषण करीत नाही. ज्याच्या घरी तसेच दुःख होऊन गेले आहे तो येऊन शेजारी बसला की घरच्यांना कळते.

ट्री ऑफ लाइफची इमारत त्या दिवसानंतर बंदच राहिली. २०१९ मध्ये नव्या वर्षाची आणि योम किप्पूरची उपासना करायला जागा हवी होती, तेव्हा शहरातल्या कॅल्व्हरी एपिस्कोपल चर्चने आपले मंदिर त्यांना दिले. ज्या तऱ्हेच्या इमारतींतून शतकानुशतके ज्यूंविरुद्ध संदेश दिले गेले, तशाच एका इमारतीत प्रायश्चित्ताच्या दिवशीच्या हिब्रू प्रार्थना झाल्या. एखाद्या वर्षाचा सण दुसऱ्याच्या घरात करावा लागणे सोपे नसते; आणि आपले घर दुसऱ्याच्या सणासाठी मोकळे करून देणे, आतली मांडामांड त्याच्या सोयीने करणे, हेही बोलण्याइतके सोपे नसते. आमच्या चर्चचे सभागृह शेजारच्या मंडळीच्या लग्नाला द्यायचे की नाही यावर तीन बैठका झालेल्या मी पाहिल्या आहेत.

त्याआधी, डिसेंबर १९९३ मध्ये, मोंटाना राज्यातील बिलिंग्ज या गावात एका ज्यू मुलाच्या खोलीची काच फोडून दगड आत आला होता, कारण खिडकीत हनुक्का या ज्यू सणाचा दीपवृक्ष ठेवलेला होता. तिथल्या एका पाळकांनी आपल्या शब्बाथ शाळेतल्या मुलांकडून कागदी दीपवृक्ष करून घेतले, स्थानिक वृत्तपत्राने पानभर चित्र छापले आणि हजारो ख्रिस्ती घरांच्या खिडक्यांत ते लागले. काही चर्चच्या आणि घरांच्या काचा फुटल्या. दीपवृक्ष मात्र खिडक्यांतच राहिले. फुटणारी काच आपलीही असू शकते, हे ठाऊक असताना लावलेला कागद आणि माझा टेबलावर सुरक्षित बसून लिहिलेला कागद यांत अंतर आहे. ते अंतर पत्रात लपवायचे नाही, असे मी ठरवले.

शेवटी पत्र पाचच वाक्यांचे झाले. आम्ही कोल्हापूरचे मराठी ख्रिस्ती आहोत. आमचे शास्त्र, आमची स्तोत्रे आणि आमचा प्रभू आम्हाला तुमच्या घराण्यातून मिळाले. तुमच्याविषयी आमच्या व्यासपीठांवरून चुकीचे बोलले गेले आहे आणि ते आमच्या चर्चमध्येही घडले आहे. ते आम्ही दुरुस्त करू. तुमच्यापैकी कोणी कोल्हापूरला आले आणि त्यांना शब्बाथाच्या प्रार्थनेसाठी जागा लागली, तर आमच्या सभागृहाची किल्ली मिळेल. तिसऱ्या वाक्यावर कमिटीत पाऊण तास चर्चा झाली. घरचे धुणे बाहेर कशाला, असे त्या वडीलधाऱ्या सभासदांचे म्हणणे होते. पाळकसाहेबांनी प्रथम सही केली, त्यामुळे ते वाक्य राहिले. इंग्रजी प्रत पुतणीकडे गेली, ती तिने मँचेस्टरला नेऊन दिली. मराठी प्रत मी आता ठाण्यात राहणाऱ्या माझ्या अलिबागच्या त्या जुन्या सहकाऱ्यांना पोस्टाने पाठवली.

आठवड्याने त्यांचा फोन आला. आता ते ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांनी शनिवारी प्रार्थनेनंतर पत्र वाचून दाखवले होते. “दारावर पोलीस बसतो आमच्या,” ते म्हणाले. “त्यालाही ऐकायला बोलावले. राधानगरीचा निघाला. म्हणाला, आमच्याकडून कोणी तरी पत्र पाठवले की!” मग बराच वेळ आम्ही अलिबागच्या शाखेतल्या लोकांची चौकशी करीत राहिलो, बहुतेक जण आता नाहीत. फोन ठेवताना त्यांनी विचारले, “आणि ते दुरुस्तीचे काय? लिहिले आहेस म्हणून विचारतो.”

ती सुरू झाली आहे. पाळकसाहेबांनी उत्तम शुक्रवारच्या संदेशांची आपली जुनी वही माझ्याकडे दिली आहे आणि जिथे जिथे खटकेल तिथे पेन्सिलीने खूण करायला सांगितले आहे. वही बावन्न पानांची आहे. काल रात्रीपर्यंत एकोणीस पाने झाली आणि खुणा चौदा.